करंगळीपासून वर

६६वा नमस्कार होता. बारा नावांचं सहावं आवर्तन चाललं होतं. ‘ॐ पूष्णे नमः’ला खाली वाकले आणि कमरेत डाव्या बाजूला कुणीतरी चिमटा काढल्यासारखं झालं. फार नाही. उभी राहिले, श्वास घेतला आणि पुढचा घातला.

थांबले का नाही? शेजारच्या सतरंजीवर सी विंगमधल्या आजी होत्या, वय ७१, आणि त्यांना दमही लागलेला नव्हता. त्यांच्यासमोर अठ्ठेचाळिशीची मी बसकण मारणार? शिवाय आमच्या ग्रुपच्या ताईंनी सुरुवातीलाच बजावलं होतं, की औंधच्या पंतप्रतिनिधींनी संस्थानातल्या शाळाशाळांत नमस्कार सुरू केले, आपण त्याच सातारा जिल्ह्यातल्या, तेव्हा १०८ म्हणजे १०८. बारा नावं गुणिले नऊ. मी बँकेत काम करते. आकडा पुरा झाल्याशिवाय मला उठवतच नाही.

तर १६ फेब्रुवारी २०२४, शुक्रवार, रथसप्तमी. पहाटे सव्वासहाला सोसायटीच्या गच्चीवर आम्ही चौदा जणी. समोर अजिंक्यतारा अजून काळाच, आणि गार एवढं की सतरंजीवर हात टेकवत नव्हता. माझी तयारी म्हणाल तर आधीचे दोन आठवडे रोज बारा नमस्कार, त्यातही चार दिवस बुट्टी. त्याआधीची पंचवीस वर्षं माझा व्यायाम म्हणजे बँकेचा जिना.

१०८ झाले. टाळ्या झाल्या, फोटो झाला. खाली आले तर सासूबाईंनी बाल्कनीत गोवऱ्या पेटवून सुगडात दूध ठेवलेलं. उतू जाईना म्हणून मी वाकून फुंकर घालत बसले, चांगली दहा मिनिटं. दूध पूर्वेला उतू गेलं, सासूबाई खूश. मग डबे, आंघोळ, बँक. तीन वाजेपर्यंत डाव्या कुल्ल्यात काहीतरी ओढल्यासारखं व्हायला लागलं होतं. संध्याकाळी संक्रांतीचं शेवटचं हळदीकुंकू, तेही आमच्याच घरी, कारण रथसप्तमीनंतर चालत नाही. वाण म्हणून चहाची स्टीलची गाळणी आणली होती. ती पलंगाखालच्या खोक्यातून एकेक काढून चाळीस बायकांना दिली. खोकं वर ठेवावं एवढंही सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेसिनवर वाकून दात घासत असताना शिंक आली. साधी शिंक. त्या एका शिंकेनं मी गुडघ्यांवर आले. कुल्ल्यातून निघालेली कळ मांडीच्या मागून, पोटरीतून, पावलाच्या बाहेरच्या कडेनं थेट करंगळीत गेली. दोन बाळंतपणं झालेली बाई आहे मी, पण ही कळ वेगळीच. बाळंतपणातली कळ येते आणि जाते. ही आली ती पायात घर करूनच राहिली. बादलीला धरून बसले होते, तोंडात पेस्टचा फेस, आणि बाहेरून नवरा विचारत होता, ‘अगं, किती वेळ?’

पहिले चार दिवस घरगुती कारभार. ‘उसण भरली’ यावर सगळ्यांचं एकमत. शेक झाला, लेप झाला, मोहरीच्या तेलात लसूण तळून झाला. चुलतसासूबाई कोरेगावहून त्यांच्या शेजारचा पायाळू मुलगा घेऊन आल्या. पायाळू, म्हणजे जन्मताना आधी पाय बाहेर आलेला. अशा माणसानं पाठीवरून पाय फिरवला की उसण उतरते म्हणतात. मुलगा अकरावीतला. बिचारा मोजे काढतानाच लाजून अर्धा झाला होता. मी पालथी, तो भिंतीला धरून एका पायावर, आणि दारात सासूबाई, चुलतसासूबाई आणि माझी लेक. त्यानं तीनदा पाय फिरवला. लेक हसू दाबायला आत पळाली. उसण असती तर नक्की उतरली असती, असं चुलतसासूबाई आजही म्हणतात. पण ती उसण नव्हती. पालथी पडल्यावर मात्र जरा बरं वाटलं होतं. तेव्हा ते श्रेय त्या पोराच्या पायाला गेलं.

पाचव्या दिवशी एमआरआय. एका मोठ्या रुग्णालयातल्या डॉक्टरांनी फिल्म उजेडात धरली, चार मिनिटं बोलले आणि पुढच्या गुरुवारची ऑपरेशनची तारीख सांगितली. माझ्या पायाला हात लावला नाही. रिपोर्टमध्ये तर प्रत्येक ओळीत झीज, झीज आणि झीज. रिक्षात बसता येत नव्हतं म्हणून मागच्या सीटवर आडवी होऊन घरी आले आणि वाटेत नवऱ्याला सांगून ठेवलं, लॉकरची किल्ली कुठे आहे ते.

आमच्या फॅमिली डॉक्टरांनी अडवलं. ‘वहिनी, आणखी एकांना दाखवा,’ म्हणाले. हे दुसरे हाडांचे डॉक्टर वयस्कर, बोलायला तुटक. फिल्म बाजूला ठेवली आणि मला उताणी झोपवून डावा पाय सरळ ठेवूनच वर उचलला. जेमतेम पस्तीस अंशांवर मी ओरडले. उजवा पाय नव्वदला गेला. मग टाचेच्या मागच्या शिरेवर छोट्या हातोडीनं टकटक केलं. उजवं पाऊल उडालं, डावं गप्प. मग म्हणाले, ‘भिंतीला धरून डाव्या चवड्यावर उभ्या राहा.’ मी जोर लावते आहे, लावते आहे, आणि टाच जमिनीला चिकटलेली. मला वाटत होतं मी उचलते आहे. खाली पाहिलं तर काहीच हललेलं नाही. सगळ्या प्रकरणात मी खरी घाबरले ती तेव्हा.

त्यांनी टेबलावरचा प्लॅस्टिकचा कणा हातात घेतला. कमरेचा शेवटचा मणका आणि त्याखालचं तिकोनी हाड, म्हणजे त्रिकास्थी, यांच्यामधली गादी, एल-फाइव्ह एस-वन. गादीला बाहेरून चिवट कडी असतात आणि आत मऊ गर. पुढे वाकलं की गर मागे दाबला जातो. कडी आधीच झिजलेली असली की एक दिवस गर बाहेर येतो आणि शेजारून जाणाऱ्या नसेवर बसतो. माझी ती एस-वनची नस, करंगळीपर्यंत जाणारी. ‘आणि झीज?’ मी विचारलं. ‘चाळिशीनंतर कुणाचाही एमआरआय काढा, झीज दिसणारच. केस पांढरे झाले तर रिपोर्ट काढता का?’

बाहेर आलेला गर शरीर हळूहळू स्वतःच खाऊन टाकतं, आणि मोठा तुकडा बाहेर पडला असेल तर बऱ्याचदा तोच जास्त आटतो, असंही त्यांनी सांगितलं. बहुतेकांचं दुखणं सहा ते बारा आठवड्यांत ओसरतं. मात्र पायातली ताकद आणखी कमी झाली, लघवीवरचा ताबा गेला किंवा बसायच्या जागेला बधिरपणा आला, तर रात्री दोन वाजलेले असले तरी दवाखाना गाठायचा, तिथे मग ऑपरेशनच. ही तीन लक्षणं त्यांनी नवऱ्याकडून पाठ म्हणून घेतली. आणि शेवटी, ‘झोपून राहू नका. दोन दिवस ठीक. नंतर चाला. घरातल्या घरात, पण चाला.’

हे सगळं कागदावर छान वाटतं. पुढचे दहा दिवस कसे गेले ते सांगते. बसता येत नव्हतं, अजिबात नाही. जेवण ओट्याशी उभ्यानं, चहा उभ्यानं, फोन उभ्यानं. नसेच्या दुखण्यासाठी दिलेल्या गोळीनं कळ बोथट व्हायची, पण डोकं कापसाचं. लेकीला दोनदा तिच्या मावशीच्या नावानं हाक मारली. रात्री कुशीवर, गुडघ्यांत उशी घेऊन, दर तासाला जाग. कूस बदलायची तर आधी मनात पायऱ्या लावायच्या, मग ओठ आवळायचे, मग एकदम ओंडक्यासारखं वळायचं. शिंक येतेय असं वाटलं की सगळं घर माझ्याकडे बघायचं. नवरा केर काढायला लागला आणि पहिल्याच आठवड्यात त्याची कंबर धरली. सासूबाई म्हणाल्या, ‘एका घरात दोन दोन कमरा नकोत,’ आणि वयाच्या शहात्तराव्या वर्षी खाली बसून, पाय पसरून, फतकल मारत सरकत सरकत सगळा हॉल पुसून काढला.

तिसऱ्या आठवड्यात फिजिओथेरपी सुरू झाली. मुलगी सव्विशीची असेल, मला ‘काकू’ म्हणणारी. पहिल्या दिवशी तिनं पोटावर झोपवलं, पाच मिनिटं नुसतं तसंच. मग कोपरांवर. मग म्हणाली, ‘आता तळवे टेकून हातांनी छाती उचला, कंबर गादीवर सैल सोडा.’

‘अगं, हे तर भुजंगासन!’

‘जवळपास. पण काकू, तुम्ही नमस्कारात पाठीनं उचलता, इथे फक्त हातांनी. पाठ झोपलेली पाहिजे.’

मी पालथी पडल्या पडल्या हिशेब केला. आमच्या बारा अंकांच्या नमस्कारात तिसरं आणि दहावं आसन खाली वाकायचं. १०८ नमस्कार म्हणजे २१६ वेळा वाकणं. सातवं भुजंगासन, ते १०८ वेळा. ज्यानं मोडलं तेही त्यातच आणि ज्यानं जोडायचं तेही त्यातच, फक्त प्रमाण दोनास एक असं उलटं. हे मी तिला मोठ्यानं सांगितलं तर ती म्हणाली, ‘काकू, बोलू नका, कंबर कडक होतेय.’

ही पद्धत मॅकेन्झी नावाच्या न्यूझीलंडच्या फिजिओनं शोधली, तीही अपघातानं. तिनंच सांगितलेली गोष्ट. १९५६ साली पाय दुखणाऱ्या एका रुग्णाला त्यांनी ‘आत जाऊन टेबलावर पालथे झोपा’ म्हटलं. आधीच्या रुग्णासाठी टेबलाची डोक्याकडची बाजू वर केलेली राहिली होती, हा बिचारा तसाच कंबर मागे वाकलेली ठेवून पडून राहिला. पाच-दहा मिनिटांनी मॅकेन्झी आत गेले आणि दचकले, तर रुग्ण म्हणतो, आज तीन आठवड्यांत पहिल्यांदा बरं वाटतंय. मला कोरेगावचा पोरगा आठवला. श्रेय त्याच्या पायाचं नव्हतं तर. चुलतसासूबाईंना हे अजून सांगितलेलं नाही.

आठवडाभरानं मी तिच्याकडे तक्रार घेऊन गेले. कंबर आधीपेक्षा जास्त दुखत होती. ती ऐकून खूश झाली. मला रागच आला. ‘पायात कुठपर्यंत दुखतंय?’ मी बोट ठेवलं, पोटरीच्या मध्यावर. ‘आणि मागच्या सोमवारी?’ मागच्या सोमवारी करंगळी. ‘मग वर सरकलं की! पायातलं कंबरेत गोळा होऊ दे. कंबर दुखली तरी चालेल, पाय रिकामा व्हायला हवा.’

हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. दुखणं कमी होईल, असं सगळे म्हणत होते. ते तेवढंच राहून जागा बदलेल आणि त्यालाच बरं होणं म्हणायचं, हे कोणाला सुचेल? त्या दिवशी घरी येऊन शिलाई मशीनच्या खणातला टेप काढला. भिंतीला टेकून उभी राहिले, टाचेपाशी शून्य, आणि दुखण्याचं सगळ्यात खालचं टोक जमिनीपासून किती सेंटिमीटरवर आहे ते लेकीकडून मोजून घेतलं. २४. जुन्या डायरीत तारखेपुढे लिहिलं. मग रोज संध्याकाळी सातला मोजमाप. २४, २६, २६, २१, २७, ३१. गुडघ्याच्या लवणीपाशी, ३९ला, आठ दिवस अडकून बसलं. मी डायरी घेऊन हॉलमध्ये ‘आज काहीच जमा नाही’ म्हणाले की सासूबाई देवापुढे हात जोडायच्या.

दर दोन तासांनी दहा वेळा पालथं होऊन उठायचं, असा कार्यक्रम. मार्चअखेर रजा संपवून बँकेत गेले, कारण ३१ मार्चला घरी राहिले असते तर मला दुखणं परवडलं असतं, पण लोकांची तोंडं नाही. तिथे पालथी कुठे होणार? शेवटी रेकॉर्ड रूममध्ये, लेजरच्या रॅकमागे, वर्तमानपत्र अंथरून. शिपाईमामांनी पहिल्या दिवशी मला तिथे पडलेली पाहिलं आणि ते ‘मॅडम पडल्या!’ ओरडत साहेबांकडे गेले. नंतर तेच दाराबाहेर पहारा द्यायचे. काउंटरवर उभ्यानं काम केलं. ओळखीचे खातेदार विचारायचे, ‘खुर्ची नाही दिली का हो तुम्हाला?’

एप्रिलच्या सुरुवातीला टेप ६२ दाखवत होता, मांडी अर्धी सुटली होती. आणि ९ एप्रिलला गुढीपाडवा. सकाळी सहाला दारापुढे रांगोळी काढायला बसले. बसले कसली, उकिडवं जमेना म्हणून उभ्यानंच कमरेतून वाकून, ठिपक्यांची, पंधरा ते एक. चाळीस मिनिटं. रांगोळी सुरेख आली. दहा वाजता गुढी उभारताना कळ पुन्हा पोटरीत उतरली होती. संध्याकाळी लेकीनं टेप लावला आणि काही बोलली नाही. मीच विचारलं. २५.

त्या रात्री मात्र रडले. दुखण्यासाठी नाही, आकड्यासाठी. महिन्याभराची जमा एका सकाळीत खर्ची पडली होती, आणि तीही ठिपके सरळ यावेत म्हणून.

फिजिओनं रागावायचं ते रागावून घेतलं. मग तिनं जे सांगितलं ते फेब्रुवारीत कळलं असतं तर हे सगळं लिहायची वेळच आली नसती, असं मला वाटतं. रात्रभर आडवं असताना कण्यावरचा भार जातो आणि गाद्या पाणी शोषून फुगतात. सकाळी उठल्यावर आपण संध्याकाळपेक्षा सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर उंच असतो ते त्यामुळे. फुगलेल्या गादीला वाकवलं की कड्यांवर ताण खूप जास्त येतो. उठल्यानंतरच्या पहिल्या तासात बरंचसं पाणी उतरतं. म्हणून तो तासभर वाकायचं नाही. दात उभ्यानं घासायचे, मोजे मांडी उचलून घालायचे, केर तर नाहीच. ‘म्हणजे नमस्कार पहाटे घातले हीच चूक?’ मी विचारलं. ‘दुपारी चारला घातले असते तर?’

‘दुपारीही १०८च घातले असते ना, काकू?’

यावर काय बोलणार.

पाडव्यानंतरची चढण मात्र लवकर झाली, महिन्याभरात मांडी रिकामी. मग कमरेचं उरलेलं दुखणं, जे कंटाळवाणं होतं पण भीतीचं नव्हतं. व्यायाम बदलले. हात-गुडघ्यांवर रांगत समोरचा हात आणि मागचा विरुद्ध पाय लांब करायचा. कुशीवर कोपर टेकून कंबर उचलून धरायची, दहा सेकंद. दिसायला पोरखेळ, पण पहिल्या दिवशी माझं अख्खं अंग थरथरत होतं. पाठ लवचिक करण्यापेक्षा ती जागेवर धरून ठेवायची ताकद आणायची, असा सगळा रोख. वाकायचं ते खुब्यातून, गुडघे सैल ठेवून, पाठ फळीसारखी. पन्नाशीला टेकल्यावर मी वाकायला शिकले. गॅसची शेगडी पुसतानाही मी आता असा पवित्रा घेते की नवरा म्हणतो, ‘कुस्ती आहे का?’

टाच मात्र हट्टी. डाव्या चवड्यावर एकटीनं उभं राहणं मार्चमध्ये शून्य. मे महिन्यात भिंतीला दोन्ही हात लावून एकदा, तीही अर्धी. आषाढीला तीन वेळा. त्या सुमारास रोज संध्याकाळी चालायला लागले होते, आधी पोवई नाक्यापर्यंत, मग गोडोलीच्या तळ्यापर्यंत. चढावर डावी टाच उशिरा उचलायची, चप्पल फरफटायची, त्या आवाजावरून लेक जिन्यातच ओळखायची. दिवाळीत पंधरा वेळा टाच उचलली आणि त्यानंतर मोजणं सोडलं. डॉक्टरांनी हातोडी मारून पाहिली. डावं पाऊल अजून गप्पच. ‘ते कदाचित नाही यायचं परत,’ म्हणाले, ‘पण त्यावाचून तुमचं अडतंय कुठे?’ करंगळीची बाहेरची कडही बधिरच आहे. तिथे जोडवं बोचलं तरी कळत नाही, म्हणून रात्री पायाची बोटं डोळ्यांनी तपासते.

गेल्या वर्षी, ४ फेब्रुवारी २०२५ला, पुन्हा रथसप्तमी आली. ताईंनी ग्रुपवर १०८चं आवतण टाकलं. मी होकाराचा अंगठा टाकला नाही. सकाळी सासूबाईंनी गोवऱ्या पेटवल्या, या वेळी स्टुलावर घमेलं ठेवून त्यात. मला न विचारताच. मी ताठ उभ्यानं फुंकर घातली. दूध पश्चिमेला उतू गेलं. सासूबाई म्हणाल्या, ‘असू दे.’ वर गच्चीवरून नावं ऐकू येत होती, मित्राय, रवये, सूर्याय. आमचा फ्लॅट सर्वांत वरचा, त्यामुळे सगळ्या जणींचे पाय एकदम मागे गेले की स्लॅबमधून धप्प आवाज येतो. तो मोजायचा नाही असं ठरवूनही मी मोजत होते.

फिजिओनं मला बारा नमस्कारांची मुभा दिली आहे. गुडघे वाकवून, आणि उठल्यावर तासाभरानंतरच. त्या दिवशी डबे उरकून सतरंजी टाकेपर्यंत सव्वानऊ झाले आणि साडेनऊला निघायचं होतं. पाच झाले. सहाव्याला, पूष्णेपाशी, लेकीनं आतून हाक मारली. तिला ब्लाउजचं माप घ्यायचं होतं आणि टेपवर २४च्या आकड्याभोवती बॉलपेननं गोल कुणी केलाय, असं ती विचारत होती.